'पाणी देऊ…' पुढचं 'नका' स्क्रीनवर का दिसत नाही?

समजा, बारामती तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाच्या फोनवर सकाळी सल्ला येतो: 'येत्या दोन दिवसांत पावसाची शक्यता असल्याने उसाला आज पाणी देऊ नका.' ॲपमधल्या कार्डावर दोनच ओळींची जागा ठेवलेली आहे. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याने फोनमधला फॉन्ट मोठा केलेला आहे. त्यामुळे त्याला प्रत्यक्षात दिसतं ते एवढंच: 'येत्या दोन दिवसांत पावसाची शक्यता असल्याने उसाला आज पाणी देऊ…'

तीन टिंबं आली आणि 'नका' गेलं.

हेच वाक्य इंग्रजीत असतं तर 'डू नॉट' सगळ्यात आधी आलं असतं आणि शेवटचे दोन शब्द कापले गेले तरी मूळ सांगणं पोचलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. 'तुमचा अर्ज मंजूर झालेला नाही.' 'हा ओटीपी कुणालाही सांगू नका.' 'वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका.' यातलं कुठलंही वाक्य शेवटून कापून बघा. मजकूर मावला नाही की शेवटून कापायचा, ही पद्धत इंग्रजी स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवून रूढ झाली. मराठीत ती अर्थच उलटा करू शकते.

म्हणून आज ज्या विषयावर बोलायचंय तो वरवर फक्त डेव्हलपर लोकांचा वाटेल. ॲपमधला मजकूर किती लांब असेल हे आधी माहीत नसताना स्क्रोल होणाऱ्या भागाची उंची कशी ठरवायची, हा तो विषय. मी रोज हेच काम करतो, आणि माझ्या मते हा प्रश्न सध्या पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जितका खरा आहे तितका बंगळुरूच्या ऑफिसातही नसेल.

आत्ताच का?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा ऊसशेतीतला एआय प्रयोग तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने चाललेला हा प्रकल्प. २०२४ पासून सुमारे १,००० ऊस उत्पादकांच्या शेतात तो सुरू झाला. उपग्रहाची चित्रं, शेतातलं हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून पाणी, खत, फवारणी यांचा सल्ला थेट फोनवर द्यायचा, अशी ती रचना आहे. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेलांनी त्याचा उल्लेख केला, इलॉन मस्कने त्यावर प्रतिक्रिया दिली आणि बारामती टेक बातम्यांमध्ये आली.

त्यानंतर राज्य सरकारही याच वाटेने निघालं. २०२५ च्या खरिपाआधी कृषी विभागाचं 'महाविस्तार' हे एआय ॲप आलं. त्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. ई-पीक पाहणी तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालूच आहे.

आता यात बदललं काय ते बघा. पूर्वी ॲपमधलं मराठी म्हणजे 'पुढे', 'मागे', 'रद्द करा', 'जतन करा'. शब्द ठरलेले आणि त्यांची लांबीही ठरलेली. डिझायनरने एकदा बटण मोजून काढलं की काम संपलं. आता मजकूर मशीन लिहितं. आज तो एका ओळीचा असेल, उद्या बारा ओळींचा. तुम्ही 'डाळिंबावर तेल्या आलाय, काय करू?' असं विचारलं तर उत्तर किती लांब येईल हे ॲप बनवणाऱ्याला तर माहीत नसतंच, उत्तर पूर्ण होईपर्यंत मॉडेललाही माहीत नसतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. वर नाव घेतलेल्या ॲप्समध्ये मजकूर कापला जातो, असं मी म्हणत नाही. बदलत्या लांबीचा मराठी मजकूर दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये हे होऊ शकतं आणि असे ॲप्स आता झपाट्याने वाढतायत, एवढंच म्हणणं आहे.

खिडकी आणि रस्ता

भिगवणहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलायत. खिडकी दोन-तीन फुटांची. बाहेर उसाचे फड, पेट्रोल पंप, ढाबे, मध्येच उजनीचं पाणी. खिडकीतून एका वेळी थोडंच दिसतं, पण म्हणून रस्ता तेवढाच आहे असं कुणी म्हणत नाही.

स्क्रोल व्ह्यू म्हणजे ही खिडकी. त्यातला मजकूर म्हणजे रस्ता. यात दोन वेगळ्या लांब्या आहेत. खिडकीची उंची फोनच्या स्क्रीनवरून ठरते, मजकुराची उंची मजकुरावरून. स्क्रोलचे बहुतेक घोटाळे या दोन लांब्या एकच आहेत असं धरल्यामुळे होतात.

कोडमध्ये बाहेरच्या चौकटीला 'पॅरेंट' आणि आतल्या वस्तूला 'चाइल्ड' म्हणतात, आणि त्यांच्यात खरोखर आई-लेकरासारखा संवाद होतो. एरवी आई सांगते, 'तुझ्यासाठी एवढीच जागा आहे, त्यात बस.' स्क्रोल व्ह्यूचं वेगळं आहे. तो लेकराला म्हणतो, 'जागेची काळजी करू नको. तुला किती हवी ते सांग, मी सरकवून दाखवीन.' लेकरू सांगतं, 'मला १,४०० हवी.' खिडकी ८०० ची असली तर उरलेली ६०० बोट सरकवून दिसते. इतकं साधं आहे ते.

बिघडतं कुठे? लेकराला बोलूच दिलं नाही तर. म्हणजे डेव्हलपरने आधीच लिहून ठेवलं, 'या कार्डाची उंची १४०.' मग मजकूर पाच ओळींचा असो की पंधरा, उत्तर १४०च. स्क्रोल व्ह्यूला वाटतं रस्ता इथेच संपला. तुम्ही बोट सरकवत राहता आणि काहीच हलत नाही.

हे १४० म्हणजे १४० डीपी. व्हॉट्सॲपचा डीपी नव्हे. अँड्रॉइडमधलं लांबीचं माप. १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच. अक्षरांसाठी दुसरं माप असतं, एसपी. (पोलीस अधीक्षकही नव्हेत.) फरक एवढाच की तुम्ही सेटिंग्जमध्ये फॉन्ट मोठा केला की एसपीमध्ये लिहिलेलं वाढतं आणि डीपीमध्ये लिहिलेलं तसंच राहतं. अक्षर एसपीत आणि त्याची पेटी डीपीत असेल तर अंग वाढलं, सदरा तोच, अशी गत होते.

१३० टक्क्यांचं गणित

हे गणित एकदा आकड्यांत करून बघू, कारण आमच्या क्षेत्रातही अनेकांना ते चटकन लक्षात येत नाही.

१६ एसपीचा मजकूर आहे, एका ओळीची उंची २४. पाच ओळी म्हणजे १२०. वर-खाली दहा-दहा मोकळी जागा धरून कार्ड १४० चं केलं. डिझायनरच्या फोनवर छान दिसतं.

आता वापरणाऱ्याने फॉन्ट १३० टक्के केला. ओळीची उंची झाली ३१. पण गोष्ट इथे थांबत नाही. स्क्रीनची रुंदी तेवढीच आहे, अक्षरं मात्र रुंद झाली, म्हणून एका ओळीत कमी शब्द बसतात आणि ओळींची संख्याही वाढते. पाचाच्या साडेसहा, म्हणजे सात ओळी. सात गुणिले ३१ म्हणजे २१७. कार्डात जागा १२० ची. तीन ओळी पूर्ण दिसतील, चौथीचा वरचा भाग दिसेल आणि बाकी सगळं गायब.

फॉन्ट वाढला ३० टक्के, पण मजकुराला लागणारी जागा वाढली सुमारे ७० टक्के, कारण वाढ उंचीतही होते आणि ओळींच्या संख्येतही. १.३ गुणिले १.३ म्हणजे १.६९. फॉन्ट दुप्पट केला तर याच हिशेबाने जागा चौपट लागते.

आणि दुप्पट करणं आता शक्य आहे. गुगलच्या पिक्सेल फोनवर पूर्वी १३० टक्के ही कमाल होती. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ ने ती २०० टक्क्यांवर नेली. फक्त ती वाढ सरसकट नसते. लहान अक्षरं जास्त वाढतात, आधीच मोठे असलेले मथळे कमी. तरी बारीक मजकुराच्या बाबतीत वरचा हिशेब जवळपास लागू पडतो.

तुमच्या फोनवर फॉन्ट 'डिफॉल्ट'ला असेल. घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांचे फोन हातात घेऊन बघा. तिथे फॉन्ट बहुधा मोठा केलेला सापडेल, आणि तोही घरातल्याच कुणा पोराने करून दिलेला. पीक, पेन्शन, योजना यांचे ॲप्स मुख्यतः कोण वापरतं? हीच माणसं. डिझाइन मात्र तपासलं जातं ते पंचविशीतल्या डोळ्यांनी.

फुलगळ की फळगळ?

आतापर्यंत उभ्या दिशेने पूर्ण ओळी कापल्या जाण्याबद्दल बोललो. देवनागरीची आणखी एक अडचण आहे, ती एका ओळीच्या आतली.

रोमन अक्षरं ठरावीक पट्ट्यात राहतात. आपली अक्षरं दोन्हीकडे वाढतात. वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि 'ट्र'चा पाय. 'ट्रॅक्टर' या एका शब्दात वर चंद्र आहे आणि खाली 'र'. ओळीची उंची इंग्रजी अक्षरं मोजून ठरवली असेल तर हे वरचं-खालचं छाटलं जातं.

दिसायला ही बारीक गोष्ट आहे. पण इंदापूरच्या डाळिंबवाल्याला विचारा. 'फुलगळ'मधल्या 'फु'चा उकार कापला की उरतं 'फलगळ'. वाचणारा ते 'फळगळ' असं वाचणार, नाही का? फूल गळणं आणि फळ गळणं या बागेच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. उकाराच्या एका शेपटीवर फवारणी बदलू शकते.

अँड्रॉइडने यावर बऱ्याच सुधारणा केल्यात. ओळीत वेगळ्या लिपीचा उंच फॉन्ट आला तर अँड्रॉइड ९ पासून ओळ आपोआप थोडी उंच होते. पण डेव्हलपरने ओळीची किंवा पेटीची उंची हाताने ठरवून टाकली असेल तर सिस्टीमची ही मदत वाया जाते.

उत्तर वाढत असताना

चॅटवाल्या ॲप्सची एक खास भानगड आहे. एआयचं उत्तर एकदम येत नाही, ते टाइप होत असल्यासारखं थोडं थोडं येतं. म्हणजे तुम्ही वाचत असतानाच मजकुराची उंची बदलत असते. बरेच ॲप्स प्रत्येक नव्या शब्दासोबत स्क्रीन तळाला नेतात. तुम्ही पहिली ओळ वाचताय आणि स्क्रीन खाली पळते. वर सरकवलं की पुन्हा खाली ओढते.

यावरचा उपाय अवघड नाही. वाचणारा आधीच तळाशी असेल तरच स्क्रीन खाली न्यायची. त्याने वर सरकवलं असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्यायचं आणि कोपऱ्यात खाली जायचा छोटा बाण दाखवायचा. व्हॉट्सॲपमध्ये हा बाण तुम्ही रोज बघता.

फोटो उशिरा येतो तेव्हाही असंच होतं. पानावरच्या रोगाचा फोटो लोड व्हायला चार सेकंद लागले, तोवर त्याची उंची शून्य होती. फोटो आला आणि खालचा सगळा मजकूर धाडकन खाली ढकलला गेला. तुम्ही 'नाही' दाबायला गेलात आणि बोटाखाली 'हो' आलं. फोटोची रुंदी-उंची सर्व्हरने आधी कळवली की तेवढी जागा राखून ठेवता येते. हे न करायला मला तरी काही सबब दिसत नाही.

ई-पीक पाहणीसारख्या फॉर्ममध्ये याचं वेगळं रूप दिसतं. एका गटात डाळिंब, दुसऱ्यात ऊस, बांधाला पेरू. प्रत्येक पीक जोडलं की फॉर्म वाढायला हवा. अशा याद्या बनवताना एक चूक हमखास होते: स्क्रोल होणाऱ्या पानात दुसरी स्क्रोल होणारी यादी ठेवणं. मग बोट कुठलं पान हलवतंय हेच कळत नाही. 'अटी व शर्ती'च्या छोट्या पेटीत बोट अडकतं आणि पान पुढे जातच नाही, हा अनुभव तुम्हाला असेल. आतली यादी पूर्ण उघडून ठेवली तर बोट अडकत नाही, पण मग शंभर ओळी असल्या तर शंभरही एकदम मेमरीत येतात. ३ जीबी रॅमच्या फोनला ते झेपत नाही. बरोबर पद्धत म्हणजे अख्खं पान हीच एक यादी करायची. मथळा तिची पहिली ओळ, पिकं मधल्या ओळी, 'सादर करा' बटण शेवटची ओळ.

गायब झालेलं बटण

गेल्या काही महिन्यांत एखादं ॲप अपडेट केल्यावर त्याचं तळाचं बटण होम-बॅकच्या पट्टीखाली गेलंय, असं तुम्ही पाहिलंय? यामागे नेमकं कारण असू शकतं.

३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर ते अँड्रॉइड १५ साठी तयार केलेलं असावं लागतं. काही डेव्हलपर्सना १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. आता अँड्रॉइड १५ साठी ॲप तयार केलं की त्या फोनवर ते आपोआप काठापासून काठापर्यंत पसरतं, म्हणजे वरच्या घड्याळ-बॅटरीच्या पट्टीमागे आणि खालच्या बटणांच्या पट्टीमागेही. दिसायला आधुनिक वाटतं. पण शेवटची ओळ आणि शेवटचं बटण त्या पट्टीच्या वर राहतील एवढी मोकळी जागा सोडणं आता ॲपची जबाबदारी आहे. कीबोर्ड उघडल्यावर पान वर सरकवणं हेसुद्धा अशा ॲपने स्वतः सांभाळायचं असतं.

ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या ॲपमध्ये तुम्ही 'सादर करा' दाबायला जाता आणि फोनचं होम दाबलं जातं. ओटीपीचा रकाना कीबोर्डच्या मागे राहतो. ज्यांचे फोन जेश्चरवर चालतात त्यांना फारसा त्रास होत नाही, तळाला एक बारीक रेघ असते एवढंच. तीन बटणांची पट्टी वापरणाऱ्यांना जास्त होतो. आणि ती पट्टी कोण वापरतं? पुन्हा तेच, घरातली मोठी माणसं.

डेव्हलपरला हे कळत नाही का?

कळतं. फ्लटर नावाच्या लोकप्रिय साधनात मजकूर चौकटीबाहेर गेला की स्क्रीनवर काळे-पिवळे पट्टे येतात आणि किती पिक्सेल बाहेर गेला तो आकडाही दिसतो. रस्त्याच्या कामावर लावतात तसे पट्टे, दुर्लक्ष करणं अशक्य. पण ते पट्टे फक्त ॲप बनवताना दिसतात. प्ले स्टोअरवर जाणाऱ्या आवृत्तीत ते नसतात, तिथे मजकूर गुपचूप कापला जाऊ शकतो. म्हणजे बनवताना इंग्रजी मजकूर आणि नेहमीचा फॉन्ट वापरला असेल तर डेव्हलपरला पट्टे दिसतच नाहीत, आणि मराठी मजकूर मोठ्या फॉन्टमध्ये जिथे पहिल्यांदा उघडतो त्या फोनवर पट्टे नसतात.

कामाची रीतच तशी आहे. डिझाइन इंग्रजीत होतं. मराठी भाषांतर शेवटच्या आठवड्यात एका एक्सेल फाइलमधून येतं. चाचणी ऑफिसच्या फोनवर होते. एका प्रकल्पात (कुणाचा ते सांगत नाही) मी 'मराठी मजकूर मोठ्या फॉन्टमध्ये तपासू' म्हटलं तर उत्तर आलं, 'युजर अडजस्ट करेल.' युजर अडजस्ट करतो हे खरं आहे. तो फोन शेजारच्या पोराकडे नेतो.

खरं तर सरकारी ॲप्ससाठी नियम आहेत. केंद्राची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली. ती वेबसाइटसोबत मोबाइल ॲप्सनाही लागू होतात आणि डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक मापदंडावर बेतलेली आहेत. त्या मापदंडात सरळ लिहिलंय की अक्षर २०० टक्के मोठं केलं तरी मजकूर किंवा सोय हरवता कामा नये. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना वापरता यावी म्हणून २० निर्देश दिले. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींचा होता. पण चष्मा लावून मोठ्या फॉन्टमध्ये वाचणारी आजी याच रांगेत थोडी मागे उभी आहे, असं मला वाटतं.

माझं मत विचाराल तर नियम एकच हवा. बातमीचा मथळा, गाण्याचं नाव, रीलचं कॅप्शन यांना तीन टिंबं चालतील. सल्ला, इशारा, पैसे आणि सरकारी निर्णय यांना चालणार नाहीत. तिथे कार्ड वाढलंच पाहिजे, पान कितीही लांब होवो.

आणि कोडला हात न लावता होणारा एक उपायही आहे: वाक्याची मांडणी बदलणं. 'आज पाणी देऊ नका. दोन दिवसांत पाऊस अपेक्षित आहे.' आधी कृती, मग कारण. एआयला सूचना देतानाच 'पहिल्या वाक्यात काय करायचं किंवा काय टाळायचं ते आठ शब्दांत लिही' असं सांगता येतं. मे २०२५ च्या शेवटी बारामती-इंदापुरात अचानक प्रचंड पाऊस झाला, निरा डावा कालवा फुटला, एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. अशा दिवशी फोनवर आलेल्या इशाऱ्याची पहिली ओळच वाचली जाते. 'नदीकाठी जाऊ नका' हे त्या ओळीत असायला हवं, हवामानाच्या तपशिलानंतर नव्हे.

तुमच्या फोनवर करून बघा

सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे फॉन्ट साइझ. सगळ्यात मोठा करा. ॲपची भाषा मराठी ठेवा. आता घरात ज्या ॲपवर पैशाचं किंवा शेतीचं काम चालतं ते उघडा आणि शेवटच्या बटणापर्यंत जा. दहा मिनिटांचं काम आहे.

कुठे मजकूर कापलेला दिसला तर लगेच करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. फोन आडवा करा. रुंदी वाढली की ओळी कमी होतात आणि कधीकधी पूर्ण वाक्य दिसतं. मजकुरावर बोट दाबून धरा. 'कॉपी' आलं तर नोट्समध्ये पेस्ट करा. चॅटवाल्या ॲप्समध्ये हे सहसा चालतं आणि तिथे पूर्ण मजकूर मिळतो. टॉकबॅक हा स्क्रीन वाचून दाखवणारा पर्याय चालू केला तर तीन टिंबांमागचा मजकूरही तो बहुतेक वेळा वाचतो, कारण कापलेलं फक्त चित्र असतं, मजकूर आत पूर्ण असतो. टॉकबॅकमध्ये फोन वापरायची पद्धत बदलते, तेव्हा आधी स्वतःच्या फोनवर सराव करा, आजोबांच्या फोनवर थेट नको.

आणि तक्रार करताना 'ॲप बकवास आहे, एक स्टार' असं लिहू नका. त्यातून आम्हाला काहीच सापडत नाही. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'ॲप सपोर्ट'मध्ये डेव्हलपरचा ईमेल असतो. त्यावर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, फॉन्ट साइझ, ॲपची भाषा, तीन बटणं की जेश्चर, आणि एक स्क्रीनशॉट एवढं पाठवा. स्क्रीनशॉटमधला आधार क्रमांक, मोबाइल नंबर आधी झाका. असा ईमेल आला की ती चूक ऑफिसात तशीच्या तशी घडवून बघता येते, आणि घडवून बघता आलेली चूक टाळणं मॅनेजरला अवघड जातं.

अँड्रॉइड १५ साठी ॲप तयार करताना काठापर्यंत पसरण्याच्या नियमातून तात्पुरती सुटका मागायची एक ओळ कोडमध्ये टाकता येते, आणि घाईत असलेल्या अनेक टीम्स तीच वापरतात. अँड्रॉइड १६ साठी ॲप तयार केलं की ती ओळ चालत नाही. प्ले स्टोअर दरवर्षी अट एक पायरी वर नेतं. म्हणजे आज ज्या ॲपमध्ये तळाचं बटण ठीक दिसतंय त्यातलं बटणही पुढच्या एखाद्या अपडेटनंतर पट्टीखाली जाऊ शकतं. अपडेट आलं की घरातल्या तीन बटणांच्या फोनवर ते एकदा उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा.